सुलतान खान ओपनिंग न शिकता कापाब्लांकाला कसा हरवू शकला?

एका पालकांनी विचारलं आहे: "सर, सुलतान खान हा पंजाबातला निरक्षर नोकर. ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचं, एक पानही न वाचता त्याने तीनदा ब्रिटिश बुद्धिबळ अजिंक्यपद मिळवलं आणि माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. मग माझ्या अकरा वर्षांच्या मुलाकडून रोज दोन-दोन तास ओपनिंग पाठ करून घेण्यात काय अर्थ आहे?"

मी पंचवीस वर्षं रेटेड स्पर्धा खेळलो आणि आता मुलांना शिकवतो. सुलतान खानचे डाव माझ्या वर्गात कायम पटावर असतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तुमच्यापर्यंत पोचलेली गोष्ट अर्धी खरी आहे. जी अर्धी चुकली आहे तिच्यामुळे मुलाच्या बाबतीत चुकीचा निर्णय होईल, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

आधी तो 'निरक्षर नोकर'. सुलतान खानचा जन्म 1903 च्या सुमारास पंजाबातल्या मिठ्ठा टिवाणा गावचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. वडील मियाँ निजामुद्दीन स्वतः चांगलं खेळणारे. त्यांनी मुलाला नवव्या वर्षी पटावर बसवलं. पुढे कर्नल सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराने त्याला आपल्या पदरी ठेवलं, आपल्याकडे संस्थानिकांच्या पदरी गवई आणि पैलवान असत तसं. इंग्लंडात हे नातं कुणाला नीट उमगलं नाही. अमेरिकन मास्टर रूबेन फाइनने लिहून ठेवलं आहे की सर उमर यांच्या लंडनच्या घरी अमेरिकन संघ जेवायला गेला, तेव्हा ज्याच्याशी पटावर झुंजलो तो सुलतान खानच पानं वाढत होता. 'नोकर' ही प्रतिमा अशा आठवणींतून पक्की झाली. त्याच्या कुटुंबीयांनी मात्र अलीकडे जाहीरपणे सांगितलं आहे की तो जमीनदार आणि पीर घराण्यातला होता आणि त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत होतं. मी त्यांच्या बाजूचा आहे. पण पदरी असणं हे खरंच होतं, आणि त्याची किंमत त्याला शेवटी मोजावी लागली. ते पुढे येईल.

आता जास्त महत्त्वाचं. लोक म्हणतात त्याला बुद्धिबळाचं शिक्षण नव्हतं. त्याचं शिक्षण पक्कं झालेलं होतं, फक्त ते वेगळ्या नियमांच्या बुद्धिबळात झालं होतं. माझे आजोबा देशी पद्धतीनेच खेळत, म्हणून तो पट मी लहानपणी जवळून पाहिला आहे. देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं. कॅसलिंग, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती हलवून राजाला कडेला सुरक्षित नेणं, नाही. राजाला शह बसलेला नसेल तर त्याला डावात एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. आणि प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच मोहरं होतं: हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा.

एवढ्या फरकाने खेळाचा सगळा स्वभाव बदलतो. प्यादी एकेक घर सरकतात, त्यामुळे दोन्ही बाजूंची गाठ पडायला वेळ लागतो. पहिल्या दहा चालींत घाव बसत नाही, म्हणून पहिल्या दहा चाली पाठ करण्याची गरजही पडत नाही. मोहरी कुठे उभी करायची याची समज लागते, कुठली चाल कितव्या क्रमांकाला याची फारशी नाही. राजा मध्यभागी राहतो आणि खेळाडूला त्याची सवय होते. शेवटाकडे तर प्रत्येक प्याद्याची किंमत वेगळी. कडेचं प्यादं हत्ती होणार, त्याच्या शेजारचं घोडाच होणार. आजोबा अर्धा डाव संपला की बोटाने रांग दाखवून विचारायचे, "हे कोण होणार?" मला तेव्हा त्याचं काही वाटत नसे. आज कळतं की डाव संपतानाचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून मधल्या चाली निवडायच्या, हे त्या खेळात अगदी सुरुवातीपासून अंगात मुरतं.

1928 मध्ये दिल्लीला अखिल भारतीय स्पर्धा झाली. सुलतान खानने आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला, एकही हरला नाही. 1929 च्या वसंतात सर उमर त्याला लंडनला घेऊन गेले. तिथे सरावासाठी एक छोटी स्पर्धा ठेवली गेली आणि हा भारतीय विजेता तिच्यात संयुक्तपणे शेवटचा आला. हा तपशील लोक गाळतात. गोष्ट सांगायला तो अडचणीचा ठरतो, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. दोन घरं उडी मारणारी प्यादी, कॅसलिंग करून कोपऱ्यात बसलेला राजा, पाठ करून आलेले प्रतिस्पर्धी. त्याला सुरुवातीच्याच चालींत मार बसत होता. ओपनिंग न येण्याचा तोटा खरा होता आणि तो निकालात लगेच दिसला.

मग विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन इंग्लिश मास्टरांनी त्याला हाताशी धरलं आणि काही आठवडे तयारी करून घेतली. येट्स हा स्वतः अनेकदा ब्रिटिश विजेता झालेला माणूस. त्या उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती सुलतान खानने जिंकली. म्हणजे 'एक पानही वाचलं नव्हतं' हे धरलं, तरी दोन जाणत्या माणसांनी शेजारी बसून ते पान त्याला दाखवलं होतं. त्याच्या डावांतून दिसतं की त्याने ओपनिंगचे मोठमोठे व्हेरिएशन, म्हणजे चालींचे लांबलचक ठरलेले क्रम, कधीच अंगी बाणवले नाहीत. पुरेसं घेतलं. पहिल्या पंधरा चालींत मरायचं नाही, इतपत.

पुढची कारकीर्द भरभर सांगतो, कारण आकडे स्वतःच बोलतात. 1929 च्या विजयानंतर तो भारतात परतला आणि मे 1930 मध्ये पुन्हा युरोपात आला. डिसेंबर 1933 ला कायमचा परत गेला. म्हणजे सगळी आंतरराष्ट्रीय कारकीर्द पाच वर्षांपेक्षा कमी. तेवढ्यात 1929, 1932 आणि 1933 अशी तीन ब्रिटिश अजिंक्यपदं. 1930 ला लिएजमध्ये टार्टाकोवर या नामांकित मास्टरच्या मागे दुसरा. 1931 मध्ये त्याच टार्टाकोवरला बारा डावांच्या मॅचमध्ये हरवलं: चार जिंकले, तीन हरले, पाच बरोबरी. 1932 मध्ये लंडनला जगज्जेता अलेखिन आणि नामांकित मास्टर फ्लोर यांच्या मागे संयुक्त तिसरा. त्याच फ्लोरशी सहा डावांची मॅच तो एका गुणाने हरला. हॅम्बुर्ग, प्राग आणि फोकस्टोन या तीन ऑलिंपियाडमध्ये (देशांच्या संघांच्या स्पर्धेत) तो ब्रिटिश संघाच्या पहिल्या पटावर बसला, म्हणजे समोर दरवेळी त्या देशाचा सर्वांत तगडा खेळाडू. प्रागला 1931 मध्ये सतरा डावांत त्याने फक्त दोन गमावले. फ्लोर आणि रुबिनस्टाइनला हरवलं, जगज्जेत्या अलेखिनशी बरोबरी केली. रेटिंग पद्धतीचे जनक अर्पाद एलो यांनी नंतर मागच्या काळातल्या खेळाडूंची गणितं मांडली, तेव्हा त्याच्या उत्तम काळासाठी 2530 हा आकडा काढला.

रुबिनस्टाइनचा उल्लेख मी मुद्दाम केला. हत्तींच्या एंडगेममध्ये, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या डावाच्या शेवटच्या टप्प्यात, त्याच्या तोडीचा माणूस त्या पिढीत शोधावा लागेल. असा खेळाडू सुलतान खानकडून हरला, यावरून सुलतान खान कुठे भक्कम होता हे ध्यानात येतं.

आता कापाब्लांकाचा डाव. हेस्टिंग्ज, 1930-31 ची स्पर्धा. कापाब्लांका तेव्हा माजी जगज्जेता होता, पण त्याला हरवणं म्हणजे काय होतं हे समजायला एवढंच लक्षात घ्या की 1916 ते 1924 अशी आठ वर्षं तो एकही स्पर्धात्मक डाव हरला नव्हता. सुलतान खान पांढऱ्याकडून. ओपनिंग साधी, क्वीन्स इंडियन नावाच्या सुरुवातीच्या वळणाची. चौदाव्या चालीला त्याने एच फाइलचं (पटावरच्या उभ्या ओळीला फाइल म्हणतात) प्यादं दोन घरं पुढे सारलं आणि राजा ई1 वरच, म्हणजे ई फाइलच्या पहिल्या घरात, ठेवला. कॅसलिंग त्याने या डावात केलंच नाही. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं तर मी कारण विचारीन. पण मध्यभाग प्याद्यांनी बंद होता आणि मध्यात बसलेल्या राजाची भीती या माणसाला लहानपणापासून कधी वाटलीच नव्हती.

कापाब्लांकाने दोन्ही हत्ती सी फाइलवर आणले. एकविसाव्या चालीला सुलतान खानचा उंट जी4 वर आला आणि त्याने सी8 वरच्या हत्तीवर नेम धरला. कापाब्लांकाने हत्ती सी1 वर घालून शह दिला. राजा डी2 वर. दुसरा हत्ती सी2 वर, पुन्हा शह. इथे सुलतान खानने वजिराने तो हत्ती घेतला, वजीर दिला आणि राजाने दुसरा हत्ती घेतला. हिशेब: एका वजिराच्या बदल्यात दोन हत्ती. काळ्याने सी7 वरून शह दिला, राजा परत डी2 वर गेला आणि काळा वजीर सी4 वर येऊन बसला.

पटावर एवढी मोहरी उरली. पांढऱ्याचा राजा डी2, हत्ती ए1 आणि एच1, उंट जी4 आणि एफ4, प्यादी ए3, बी2, डी4, ई3, एफ2, जी5, एच4. काळ्याचा राजा जी8, वजीर सी4, उंट बी7, घोडा ई8, प्यादी ए7, बी6, डी5, डी6, ई4, जी7, एच7. चाल पांढऱ्याची.

ही स्थिती मी वर्गात मांडतो तेव्हा बहुतेक मुलं काळ्याला झुकतं माप देतात. वजीर घरात घुसलेला, पांढरा राजा उघड्यावर आणि त्याचे हत्ती अजून कोपऱ्यात. मग मी बी7 वरच्या काळ्या उंटाकडे बोट दाखवतो. त्याच्या पुढे स्वतःचीच डी5 आणि ई4 ही प्यादी भिंतीसारखी उभी आहेत. घोडा ई8 वर आहे आणि डी6 चं प्यादं राखणं हेच त्याचं काम. वजिराला मदत करायला कुणी येत नाही. एकटा वजीर शह देऊ शकतो, पण बंद मध्यभागात त्याला शह द्यायला ओळीच मोकळ्या नाहीत. पांढऱ्याला घाई नाही. त्याने उंट ई2 वर आणून वजिराला हाकललं. वजिराने बी3 ला जाऊन बी2 च्या प्याद्यावर नेम धरला. हत्ती बी1 वर, प्यादं राखलं. मग दुसरा हत्ती सी1 वर. पटावर एकच मोकळी फाइल होती आणि ती आता पांढऱ्याची झाली.

तिथून पुढे जवळजवळ चाळीस चाली तो फक्त दाबत राहिला. एकही चाल अशी नाही की बघणाऱ्याने टाळी द्यावी. कापाब्लांकासारखा माणूस, ज्याची एंडगेमवरची पकड सगळं जग मानत होतं, त्याला एकेक घर मागे सरकावं लागलं आणि 65 व्या चालीला त्याने राजीनामा दिला. ज्या भागात कापाब्लांका सर्वांना हरवायचा, त्याच भागात तो इथे हरला.

माझं म्हणणं यावरच उभं आहे. सुलतान खान ओपनिंग न शिकल्यामुळे जिंकला नाही. ओपनिंगमध्ये तो नुकसान सोसत होता, आणि डाव तीस चालींच्या पुढे गेला की ते व्याजासकट भरून काढत होता. भरून काढण्याची ताकद त्याने नवव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत हजारो डावांतून कमावली होती. लोक तिला दैवी देणगी म्हणतात. प्रतिभा होतीच, खुद्द कापाब्लांकाने त्याच्या बाबतीत तो शब्द वापरला आहे. पण मेहनतीची ती सोळा वर्षं पंजाबात गेली आणि युरोपातल्या कुणी ती पाहिली नाहीत, म्हणून चमत्कार वाटला.

त्याच्या शरीराबद्दलही सांगायला हवं, कारण सहा तासांच्या डावात शरीर खेळतंच. त्याला हिवतापाचा जुना त्रास होता. इंग्लंडच्या थंडीत सर्दी, ताप, घसा सतत धरलेला. गळ्याभोवती कापड गुंडाळून तो खेळायला बसे. ज्यांनी हिवाळ्यात तापात लांब डाव खेळला आहे त्यांना चाळीस चाली दाबत राहण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

आणि मग सगळं थांबलं. सर उमर यांचं लंडनमधलं काम संपलं, ते परतले, आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतला. वयाची तिशी, ब्रिटनचा विद्यमान विजेता, आणि पुढे स्पर्धाच नाही. त्याच घरातल्या मिस फातिमा यांनी 1933 मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकलं होतं. बुद्धिबळातलं त्यांचं नावही तिथेच संपलं. 1935 मध्ये सुलतान खानने व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांची मॅच खेळली, नऊ डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला. त्यानंतर त्याचे डाव मिळत नाहीत. वयाची तिशी ते चाळिशी हा मास्टरचा पिकलेला काळ, आणि तो सगळा गावाकडच्या शेतीत गेला. मला या माणसाच्या आयुष्यात सर्वांत जास्त खुपतं ते हे. खेळ अंगात होता, पण प्रवास, खर्च, स्पर्धेचं आमंत्रण, यातलं काहीच त्याच्या हातात नव्हतं.

1950 मध्ये जागतिक संघटनेने पहिल्यांदा अधिकृतपणे ग्रँडमास्टर किताब दिला. सत्तावीस जणांची यादी होती. तिच्यात टार्टाकोवर होता, फ्लोर होता, आणि एकोणीस-वीस वर्षं स्पर्धेपासून दूर असलेला रुबिनस्टाइनही होता. सुलतान खान नव्हता, आणि तो तेव्हा हयात होता. 1966 मध्ये सरगोध्याला क्षयाने तो गेला. त्याला मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो फेब्रुवारी 2024 मध्ये. दिला हे चांगलं झालं. पण 1950 च्या यादीत ज्यांना त्याने समोर बसून हरवलं त्यांची नावं वाचताना मला अजूनही वाईट वाटतं.

आता तुमचा मुलगा. सुलतान खानच्या काळात ओपनिंगचं ज्ञान आजच्या मानाने थोडं होतं. तेव्हा चूक केली तर प्रतिस्पर्ध्याला ती पटावर, घड्याळ चालू असताना ओळखावी लागे. आज समोरचा मुलगा तुमच्या मुलाचे मागचे वीस डाव डेटाबेसमध्ये बघून, संगणकावर तपासून येतो. त्यामुळे 'काहीच शिकू नको' असं मी सांगणार नाही. विंटर आणि येट्सने जेवढं केलं तेवढं त्याच्यासाठीही कुणीतरी करायला हवं. पांढऱ्याकडून एक सुरुवात, काळ्याकडून पांढऱ्याच्या ई4 या पहिल्या चालीला एक उत्तर आणि डी4 ला एक उत्तर. त्या तीन ठिकाणी मोहरी कुठे उभी राहतात आणि का, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. अकराव्या वर्षी एवढं पुरतं.

पण रोजचे दोन्ही तास पाठांतरात जात असतील तर ते थांबवा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत मला एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसतं: अठराव्या चालीपर्यंत चाली झरझर, मग एकोणिसाव्या चालीला हात थबकतो आणि चेहरा बदलतो. पुढे हत्ती आणि चार-चार प्यादी उरली की बरोबरी मागतात, कारण पुढे काय करायचं ते कुणी दाखवलेलंच नसतं. दोन तासांतली वीस मिनिटं ओपनिंगला द्या. उरलेल्यात एंडगेम, स्वतःचे हरलेले डाव, आणि आठवड्यातून दोनदा लांब वेळेचा एक डाव. हरलेला डाव आधी संगणकाशिवाय तपासायला लावा. कुठे चुकलं असं त्याला वाटतं ते वहीत लिहू दे, मग संगणक उघडा.

आणि वर दिलेली स्थिती आज संध्याकाळी पटावर मांडा. त्याला पांढऱ्याकडून बसवा, तुम्ही काळ्याकडून बसा, आणि हा डाव कुणाचा ते सांगू नका. तुमच्या वजिराला घाबरून तो राजा हलवत बसतो, की हत्ती कामाला लावतो, ते बघा. त्याचा पहिला हत्ती सी फाइलवर यायला किती चाली लागल्या ते मोजा. सुलतान खानचा तिसऱ्या चालीला आला होता.